सबबी पुरे झाल्या

बस. आणि 'सर, तुमचं पटतं मला, पण' हे वाक्य आधी गिळ. त्या 'पण'च्या आड फार दिवस लपलास.

तिहार तुरुंगातून सुटलेला एक सुतार माझी चिठ्ठी घेऊन तुझ्याकडे आला होता. तू त्याला चहा पाजलास, गोड बोललास आणि 'कळवतो' म्हणून वाटेला लावलंस. काय कळवणार होतास? नाही म्हणायचं होतं तर तोंडावर म्हणायचं. तो तुझ्या फोनची वाट बघत राहिला आणि तेवढ्या दिवसांची मजुरी बुडाली. ती कोण भरून देणार?

'जोखीम कशी घेऊ?' म्हणतोस. तुझा ठेकेदार नोएडाच्या कारखान्यात सारखी नवी माणसं आणून सोडतो. त्यांतल्या किती जणांचं गाव तुला ठाऊक आहे? पुरतं नाव तरी? ज्याचा सगळा इतिहास कोर्टाच्या कागदावर आहे तो तुला धोक्याचा, आणि ज्याची काहीच माहिती नाही तो चालतो! हा सावधपणा नाही. ही भीती आहे, आणि तीही तू कधी तपासून पाहिलेली नाहीस.

'काम येत असेल का?' हे विचारताना जीभ अडखळली नाही? तिहारच्या आत 1961 पासून कारखाना चालतो. तिथले पाव, बिस्किटं, मोहरीचं तेल 'टीजेज' नावानं दिल्लीत विकलं जातं. इथल्या सरकारी शाळांसाठी तिथल्या सुतारांनी बाकं केली आहेत. लाकूड तर तुझाच धंदा. दोन फळ्या पुढे टाकून 'सांधा करून दाखव' म्हणाला असतास, तर अर्ध्या तासात उत्तर मिळालं असतं. नाही टाकल्यास. सांधा नीट बसला असता तर सबब गेली असती, हे तुलाही माहीत होतं.

'कुणीच घेत नाही हो' हेही खोटं. 2011 साली कंपन्या तिहारच्या आत गेल्या, सुटका जवळ आलेल्यांच्या मुलाखती घेतल्या, नोकऱ्या दिल्या. तुला तर आत जायचीही तसदी नव्हती. माणूस तुझ्या दारात आला होता.

देशातल्या तुरुंगांत दर चार माणसांमागे साधारण तीन कच्चे कैदी असतात. गुन्हा सिद्ध झालेलाच नसतो. त्यांतला कुणी निर्दोष सुटून आला, तरी तू त्याला असाच परत पाठवशील. आणि ज्याचा सिद्ध झाला त्याला कोर्टानं वर्षं मोजून दिली, ती त्यानं भोगली. वरची शिक्षा देणारा तू कोण?

मंडळात 'दो आँखें बारह हाथ' दाखवला तेव्हा डोळे पुसत होतास. मी पाहिलंय. शांतारामबापूंचा 1957 चा चित्रपट, लेखन गदिमांचं, आणि त्यामागे खरी जागा आहे. आटपाडीजवळचं स्वतंत्रपूर. औंध संस्थाननं 1939 साली तिथे कैद्यांना उघड्या रानात ठेवलं, शेती दिली, बायकापोरांना सोबत राहू दिलं. एवढ्याशा संस्थानाला खुनाची शिक्षा भोगणाऱ्यांवर विश्वास टाकता आला. तुला एक सुतार झेपत नाही?

तुरुंगातून बाहेर आलेल्याचं काय होतं ते ऐक. उत्तमनगरला खोली बघायला गेला की घरमालक पोलीस पडताळणीचं नाव काढतो. बँकेचं खातं वापराविना बंद. आधारला जोडलेला फोन नंबर कधीच दुसऱ्याचा झालेला. घरचे बोलावतात, पण शेजाऱ्यांना काय सांगायचं ते ठरलेलं नसतं. अशा वेळी जुने सोबती बरोबर हजर होतात. ते चिठ्ठी मागत नाहीत, 'कळवतो' म्हणत नाहीत, त्याच दिवशी हातावर पैसे ठेवतात. मग तो पुन्हा आत गेला की तूच मान हलवशील, 'मी म्हणालो नव्हतो?' अरे, त्याला तिकडे ढकलणाऱ्यांत तूही होतास!

तू कोडगा असतास तर मी तोंड वाजवलंच नसतं. 2020 च्या टाळेबंदीत कामगारांना कारखान्यातच ठेवून दोन वेळ जेवू घालणारा तूच ना? कुणी सांगितलं होतं तेव्हा? तेव्हा कळत होतं, मग आता कळत नाही असा आव आणू नकोस.

त्याला फोन कर. माफीची लांबण लावू नकोस, कामाचं बोल. महिनाभर रोजंदारीवर ठेव आणि पैसे दर शनिवारी दे. महिनाअखेरपर्यंत तग धरायला त्याच्याजवळ काही नाही. कोर्टाची तारीख असेल त्या दिवशी सुट्टी दे. त्याची कहाणी कारखानाभर करू नकोस, मुकादमाला किती सांगायचं ते त्यालाच विचार. काम वाईट निघालं तर काढ, बाकी कुणालाही काढशील तसंच. आधी घे तरी.

नंबर चिठ्ठीच्या मागे आहे. लाव आत्ता, मी बसलोय इथे.