काचेतला जिताडा

मासा पाळण्यात गैर ते काय, असे कोणीही विचारील. साखळीला बांधलेला कुत्रा कण्हतो, पिंजऱ्यातला पोपट ओरडतो. ते आपल्याला ऐकू येते. मासा बिचारा मुका. त्याच्या वतीने विचार करावयाचा तो आपणच.

काही हौशी मंडळींचे मन इवल्या रंगीत माशांत रमत नाही. त्यांना मोठे, दांडगे, शिकारी मासे हवे असतात. त्यांतले कित्येक निमखाऱ्या पाण्यातले, म्हणजे खाडीतले. जिताडा हा त्यांपैकीच एक. अलिबाग, पेण, रेवदंडा ही नावे ज्यांच्या घरात अजून निघतात त्यांना जिताड्याची ओळख करून द्यायला नको. पण ती ओळख ताटातली. दिवाणखान्यात, काचेच्या पेटीत ठेवलेल्या जिताड्याचा प्रश्न निराळा आहे.

विकत आणताना तो बोटभर असतो. पुरा वाढला म्हणजे एक मीटरच्याही पुढे जातो. आता हिशेब करा. 4 फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच पेटीत 9 घनफूट, म्हणजे सुमारे 255 लिटर पाणी मावते. घराच्या मानाने ही पेटी मोठीच. परंतु दीड फुटाच्या रुंदीत मीटरभर मासा वळणार कसा? मोकळा जिताडा खाडीच्या मुखाशी खाऱ्या पाण्यात जन्मतो, पिलू असताना खाडीतून वर गोड्या पाण्यापर्यंत चढतो आणि वीण घालण्यासाठी पुन्हा खाली येतो. बहुतेक जिताडे आधी नर असतात व काही वर्षांनी मादी होतात. एवढी मोठी जीवनयात्रा आपण चार फुटांत बसवू पाहतो.

दुसरी गोष्ट खाण्याची. कोणी पेटीत जिवंत छोटे मासे सोडतात व पाहुण्यांना शिकार दाखवितात. यात जिताड्याचा दोष नाही. भुकेने शिकार करणे हा त्याचा स्वभावधर्म. पण खाडीत लहान माशाला कांदळवनाच्या मुळांत दडता येते, काचेत कोठे दडणार? शिवाय शिकारी माशाला मेलेली कोळंबी आणि माशाचे तुकडे खायची सवय लावता येते. नेहमी गोल्डफिशच घातले तर त्यांच्यातील एका द्रव्यामुळे बी-1 जीवनसत्त्व नाहीसे होते आणि खाणारा आजारी पडतो. तेव्हा ही जिवंत शिकार माशाच्या गरजेसाठी नसून आपल्या करमणुकीसाठी असते.

कोणी म्हणेल, ''मास्तर, तुम्ही जिताडा आवडीने खाता आणि आम्हांला पाळू नका म्हणता?'' प्रश्न रास्त आहे. खाणाऱ्याचे हात स्वच्छ आहेत असे मी म्हणत नाही. परंतु खाण्यासाठी मारलेल्या माशाचे दुःख थोड्या वेळात संपते. पेटीतल्या माशाची अडचण वर्षानुवर्षे चालते, आणि ती रोज आपल्या डोळ्यांसमोर असते. खारेपाटातल्या तळ्यांत जिताडा वाढवितात, तोही शेवटी स्वयंपाकघरातच जातो. पण तोवर त्याला पोहायला तळे असते. ज्याची पळण्याची आणि स्वतःचे अन्न शोधण्याची मुभा आपण काढून घेतली, त्याचा सारा भार आपल्यावर येतो. गुराढोरांना आधी चारा, मग आपले जेवण, हा तल्मूदचा दंडक याच जबाबदारीतून आला आहे.

मासा मावेनासा झाला म्हणजे काहीजण तो जवळच्या पाण्यात सोडून मोकळे होतात. 2023 साली श्रीनगरच्या दल सरोवरात अमेरिकेतला अॅलिगेटर गार हा शिकारी मासा सापडला. असा परका शिकारी तिथल्या माशांवर उठतो. याला दया म्हणता येणार नाही. आपले ओझे दुसऱ्याच्या दारात टाकणेच ते.

ज्याच्यापाशी तळ्याएवढी जागा, खारे-गोडे पाणी राखण्याचे ज्ञान आणि पुष्कळ वर्षांचा धीर आहे, त्याला मी अडविणार नाही. बाकीच्यांनी लहान मासे पाळावेत. त्यांतही आनंद आहे. आणि दुकानात नातवाने त्या बोटभर जिताड्यासाठी हट्ट धरला, तर त्याला रागावू नका. घरी येऊन जमिनीवर खडूने मीटरभर रेघ ओढा, तिच्याभोवती पेटीचा चौकोन आखा, आणि मासा वळेल का ते त्यालाच सांगू द्या.