बापलेकीचे मौन

खरे बोलावे, याविषयी नीतिशास्त्रात फारसा वाद नाही. वाद आहे तो कोणाशी खरे बोलावे, याविषयी. कचेरीत, न्यायालयात आणि सभेत असत्याचा विटाळ मानणारी माणसे घरचा उंबरा ओलांडताच मुकी होतात, आणि हे मुकेपणही असत्याचाच एक प्रकार असू शकेल, अशी शंका त्यांना कधी शिवत नाही.

या प्रश्नाकडे माझे लक्ष वेधले ते यीयुन ली यांच्या एका कथेने. ली यांचा जन्म १९७२ साली बीजिंगमध्ये झाला. १९९६ साली त्या विज्ञानाच्या अभ्यासासाठी अमेरिकेत गेल्या आणि पुढे मायभाषा बाजूला सारून इंग्रजीत कथा लिहू लागल्या. 'अ थाउजंड इयर्स ऑफ गुड प्रेयर्स' हा त्यांचा संग्रह २००५ साली निघाला, आणि त्याच नावाच्या कथेवर वेन वँग या दिग्दर्शकाने २००७ साली चित्रपट काढला. कथेत घडते ते थोडकेच. बीजिंगचे एक निवृत्त, विधुर गृहस्थ घटस्फोटित मुलीला धीर देण्यासाठी अमेरिकेत येतात. मुलगी, यीलान, एका ग्रंथालयात नोकरी करते. बाप दिवसभर खपून रांधतो. लेक संध्याकाळी येते, दोन घास खाते आणि आपल्या खोलीत जाते. बापाच्या प्रश्नांना तिची उत्तरे एका शब्दाची असतात.

एके दिवशी तीच यीलान दूरध्वनीवर कोणाशी तरी इंग्रजीत बोलताना बापाच्या कानी पडते. ती हसते आहे, भरभरून बोलते आहे, आणि हा आवाज आपल्या मुलीचा आहे यावर त्याचा विश्वास बसत नाही. संसार मोडला तो तिच्याकडूनच, पूर्व युरोपातून आलेल्या एका विवाहित पुरुषासाठी, हेही मग उघड होते. बापाने जाब विचारला असता तिचे उत्तर असे, की ज्या भाषेत मन उघडे करण्याची सवयच कधी लागली नाही, त्या भाषेत ते आता जमायचे नाही. परकी भाषा घेतली की माणूस नवा होतो.

हे उत्तर उद्धटपणाचे म्हणून सोडून देता येत नाही. निदान आपल्यासारख्या दोन भाषांच्या काठावर राहणाऱ्यांना तरी नाही. गोव्यात पुष्कळ घरी बोलणे कोंकणीत आणि पोथी-पुस्तक मराठीत. इंदूर-ग्वाल्हेरकडे घरात मराठी, तर उंबऱ्याबाहेर हिंदी. आपला अनुभव यीलानच्या उलट, असे प्रथमदर्शनी वाटेल. रडणे, भांडणे, लाडीगोडी हे सारे आपण घरच्याच भाषेत करतो. परंतु कसोटीचा क्षण येतो तेव्हा काय होते? अस्खलित मराठी बोलणारी मुलगीसुद्धा आईबापांपुढे 'डिव्होर्स' असेच म्हणते. शब्दाची उणीव आहे, असे नाही. 'काडीमोड' आहे, पण तो गावकुसाकडचा म्हणून पांढरपेशांनी कधी आपला मानला नाही. 'घटस्फोट' आहे, आणि त्याचा इतिहास पाहिला तर अंगावर काटा येतो. धर्मशास्त्रात घटस्फोट म्हणजे पतित माणसाला जिवंतपणीच मेलेला ठरविण्याचा विधी. पाण्याने भरलेला घट उलथायचा, आणि त्या क्षणापासून त्याच्या सोयऱ्यांनी त्याचे सुतक धरायचे. त्या अर्थाची आज कोणाला आठवण नसेल. परंतु शब्दाला आठवण असते. मायभाषेत काही सांगू जावे तो निकाल आधीच लागलेला असतो. परकी भाषा नुसती वार्ता सांगते.

तरीही यीलानचे म्हणणे मला अर्धेच पटते, कारण बापाची स्वतःची गोष्ट पुढे आहे. आपण अग्निबाणाचे शास्त्रज्ञ होतो, असे तो भेटेल त्याला सांगतो. शिक्षण त्याने त्याचेच घेतले होते, हे खरे. पण तरुणपणी कचेरीतल्या एका मुलीशी मोकळेपणाने बोलण्यावरून त्याच्यावर व्यभिचाराचा आळ आला. कबुली दे, असे वरिष्ठांनी सांगितले. जे घडलेच नव्हते ते कबूल करण्यास त्याने नकार दिला आणि तो शास्त्रज्ञाच्या जागेवरून खाली आला. उरलेली सारी नोकरी त्याने क्षुल्लक कामात काढली, आणि घरी मात्र, काम गुप्त असल्यामुळे बोलता येत नाही, या समजुतीच्या आडोशाला राहिला. बायकोला आणि मुलीला सारे कळत होते. कोणी काही बोलले नाही.

या माणसाला काय म्हणावे? सरकारशी खोटे बोलण्यापेक्षा त्याने आयुष्य मातीत घातले. एवढे धैर्य किती जणांपाशी असते? आणि तोच बायकोपुढे एक साधे वाक्य उच्चारू शकला नाही. स्मृतिकारांनी अप्रिय सत्य न बोलण्याची मुभा दिली, ती दुसऱ्याला दुखवू नये म्हणून. हा माणूस ती मुभा स्वतःच्या अभिमानासाठी वापरतो. मग लेकीकडून सत्य मागण्याचा त्याला कोणता अधिकार? माझ्या मते, अगदी थोडा. भाषा मुकी नव्हती. ती त्या घरात मुकी ठेवली गेली. लेकीने जे मौन वाढविले त्याचे बी बापाचे होते.

परंतु ली यांनी त्याला खलनायक केलेले नाही. बागेत त्याला एक इराणी वृद्धा भेटते. तो चिनी बोलतो, ती फारसी, मध्ये चार मोडके इंग्रजी शब्द. आणि त्या बाकावर तो जितका मोकळा होतो तितका आयुष्यात कधी झालेला नसतो. म्हणजे लेकीने दूरध्वनीवर जे केले तेच त्याने बाकावर केले. आपली ही गत सारखीच आहे, हे दोघांपैकी एकालाही दिसत नाही. एका होडीतून नदी ओलांडायलासुद्धा शेकडो वर्षांची पुण्याई लागते, अशी चिनी म्हण तोच सांगत असतो. बापलेकीच्या नात्यासाठी मग किती पुण्याई लागत असेल, हा हिशोब तो मनाशी करतो. त्या नात्यात बोलावे काय, याचा नाही.

बडोद्याचे माझे एक वृद्ध स्नेही मुलीकडे परदेशी तीन महिने राहून नुकतेच परतले. तिच्या संसारात काही बिनसले आहे, हे आम्हां सर्वांना ठाऊक होते. तिच्याशी काय बोलणे झाले, असे मी विचारले. म्हणाले, "भाजी कुठे स्वस्त मिळते, ते सांगितले तिने." थोड्या वेळाने चष्मा पुसत पुढे म्हणाले, "मी विचारीन म्हणून ती थांबली होती की काय, कोण जाणे."