अर्भकाचा देह आणि अनुमानाचे प्रामाण्य

नवजात अर्भकाच्या देहात मेद किती आणि मेदावेगळा अंश किती, हा प्रश्न वैद्यकाच्या दप्तरी दाखल झालेला असला तरी त्याचे मूळ प्रमाणशास्त्रात आहे, असे मला वाटते. कारण देह जिवंत आहे तोवर त्याच्या अंतरंगाचे प्रत्यक्ष ज्ञान कोणालाही होणे शक्य नाही, आणि त्याविषयी आपण जे काही जाणतो ते सर्वस्वी अनुमानावर उभे असते. तराजू वजन सांगतो. ते वजन कशाचे, हे सांगत नाही. प्रत्यक्षावाचून दुसरे प्रमाण न मानणाऱ्या चार्वाकाला येथेच थांबावे लागेल.

हल्ली मान्य असलेली एक रीत पाहा. केस चापून बसवलेल्या, उघड्या अंगाच्या तान्ह्या मुलाचे वजन घेऊन त्याला उबदार ठेवलेल्या एका बंद पेटीत सुमारे दोन मिनिटे निजवतात, आतील हवेचा दाब किंचित कमीजास्त करतात आणि त्या फरकावरून मुलाने किती जागा व्यापली हे काढतात. मूल रडले, हातपाय झाडू लागले, तरी मापनाला बाध येत नाही. वजनाला आकारमानाने भागले की घनता मिळते. आणि मेदाची घनता दर मिलिलिटरला सुमारे ०.९ ग्रॅम, तर उरलेल्या देहाची जन्मकाळी सुमारे १.०६, असे धरून दोहोंची वाटणी होते. दुसऱ्या रीतीत जड पाण्याची अल्प मात्रा पाजून, काही तासांनी लाळेत किंवा मूत्रात ते कितपत विरळ झाले हे तपासतात, त्यावरून देहातील एकूण पाणी ठरवतात आणि पाण्यावरून मेदरहित अंश.

दोन्ही रीतींत मेद कोणाच्याही दृष्टीस पडलेला नाही. मेदरहित अंशात प्रौढाच्या ठायी सुमारे ७३ टक्के आणि नवजाताच्या ठायी सुमारे ८० टक्के पाणी असते, या व्याप्तीवर, म्हणजे नियत साहचर्यावर, सारा हिशेब चालतो. अग्नी असेल तेथे धूर असतोच असे नाही, इंधन ओले असेल तरच असतो, हे दाखवून नैयायिकांनी उपाधीचे, म्हणजे व्याप्तीला मर्यादा घालणाऱ्या अटीचे, स्वरूप विशद केले; आणि नवल असे की येथील उपाधीही ओलेपणाचीच आहे, कारण अपुऱ्या दिवसांच्या मुलाचा देह अधिक पाणीदार असतो आणि जन्मानंतर ते प्रमाण महिन्यागणिक घटत जाते.

ही व्याप्ती कोठे पाहिली गेली? केंब्रिजच्या एल्सी विडोसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५१ साली मृत जन्मलेल्या अर्भकांच्या देहांचे रासायनिक पृथक्करण प्रसिद्ध केले. जिवंत मुलांविषयीच्या आपल्या अनुमानांना असल्या मोजक्या देहांचाच मूळ आधार आहे. ज्यांनी एक श्वासही घेतला नाही त्यांचे हे ऋण इतके मोठे आहे, की त्यांच्यावरून काढलेला आकडा निष्काळजीपणे वापरणे मला अधर्म वाटतो.

आपल्याकडे तर हा प्रश्न विशेष निकडीचा आहे. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांतील नवजातांची इंग्लंडमधील साऊदम्प्टनच्या नवजातांशी केलेली तुलना २००३ साली प्रसिद्ध झाली. येथील मुलाचे सरासरी वजन २.७ किलो, तेथील ३.५, पोटाचा घेर, दंड, सारेच येथे लहान, परंतु खांद्याच्या पात्याखाली चिमट्यात धरून मोजलेली कातडीची घडी त्या मानाने फारशी उणी नव्हती. कृश दिसणाऱ्या देहात मेद राखला गेला होता. हे जाणवून दिले ते यंत्रांत अगदी साध्या गणल्या जाणाऱ्या मापक चिमट्याने, आणि त्याचे कारण मला स्पष्ट दिसते: त्याने घडीशी घडी ताडून पाहिली, परक्या देहांची व्याप्ती उसनी घेतली नाही. ज्या देहात स्नायू आणि अंतरिंद्रियेच लहान आहेत, त्याच्या मेदरहित अंशाची घनता परदेशी मुलाएवढीच असेल, हे स्वतंत्रपणे सिद्ध झाले पाहिजे. आणि तोपर्यंत मावळातल्या एखाद्या मुलाच्या नोंदीत मेदाची टक्केवारी लिहिणाऱ्याने ती कोणत्या मुलांच्या कोष्टकावरून काढली, एवढा तपशील त्याच ओळीत लिहावा.