भिंतीपलीकडचा चेंडू



मे महिन्याची सुट्टी. वसईतील एका वाडीत शेजारच्या दोन घरची मुले क्रिकेट खेळत होती. चेंडू कुंपणाच्या भिंतीपलीकडे गेला. या भिंतीच्या हद्दीवरून दोन्ही घरच्या मोठ्यांचा दोन वर्षे अबोला आहे. एकेकाळचे हे जिवलग मित्र, एकाच बावखलात पोहायला शिकलेले! मुले मात्र सरळ फाटकातून आत गेली. "काकी, पाणी द्या ना!" काकींनी पाणी दिले, वर मूठभर जांभळेही दिली.

आपण मोठी माणसे काय करतो? मिस्सामध्ये शांतीचे चिन्ह देताना अनोळखी माणसालाही हसून नमस्कार करतो आणि दोन बाके पुढे बसलेल्या शेजाऱ्याची नजर चुकवतो. वेदीजवळ आल्यावर भावाचे मन आपल्याविषयी दुखावलेले आहे असे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी समेट करावा, अशी प्रभू येशूची शिकवण आहे (मत्तय 5:23-24). शिष्यांनी बालकांना अडवले तेव्हा प्रभूला राग आला. देवाचे राज्य अशांचेच आहे, असे त्याने सांगितले (मार्क 10:13-16). ती बालके आज आपल्याच अंगणात खेळत आहेत.

हद्दीचा वाद मोजणीने मिटेल. अबोला मोजणीने मिटत नाही. त्यासाठी कोणीतरी आधी फाटक उघडावे लागते. या आठवड्यात आपण ते उघडू या.

हे प्रभो, आमच्या लेकरांच्या पावलांमागून चालण्याची नम्रता आम्हांला दे. आमेन.