मास्कवरचं नाव

२०२० च्या अमेरिकन ओपनला टेनिसपटू नाओमी ओसाका सात मास्क घेऊन आली होती. प्रत्येकावर एका कृष्णवर्णीय माणसाचं नाव: कुणी पोलिसांच्या हातून मेलेलं, कुणी रस्त्यात गाठून मारलेलं. सातवा मास्क घालायचा तर अंतिम फेरी गाठायला हवी होती. तिने ती गाठली. त्या मास्कवर तामिर राइसचं नाव होतं, वय वर्षं बारा. जिंकल्यावर मुलाखतकाराने विचारलं, यातून काय संदेश द्यायचा होता? तिने उलट त्यालाच विचारलं, तुम्हाला कोणता मिळाला?

समुपदेशन शिकणाऱ्याने हा प्रसंग जरूर पाहावा. मुरलेला समुपदेशकही प्रश्न असाच अलगद परत करतो.

पुढच्याच वर्षी फ्रेंच ओपनमध्ये तिने पत्रकार परिषद नाकारली. १५,००० डॉलर दंड झाला, तिने स्पर्धाच सोडली आणि २०१८ पासून नैराश्याशी झुंजत असल्याचं जाहीर केलं. २०१८ म्हणजे तिच्या पहिल्या ग्रँड स्लॅमचं वर्ष. सेरेना विल्यम्सला हरवून ती बक्षीस घ्यायला उभी राहिली तेव्हा प्रेक्षक हुर्यो करत होते.

असं मन मोजायचं कसं? खेळाडूंच्या मनावर संशोधन करणारे १९९३ ची एक प्रश्नावली अजून वापरतात. मी स्वतःला खेळाडू मानतो, माझे बहुतेक मित्र खेळाडूच आहेत, अशी मूळची दहा विधानं. प्रत्येकापुढे एक ते सातपैकी एक आकडा निवडायचा. खेळ माणसात किती मुरलाय ते यातून बऱ्यापैकी कळतं. वर्णाबद्दल मात्र त्यात अवाक्षर नाही. आई जपानी, वडील हैतीचे, लहानाची मोठी अमेरिकेत झाली आणि खेळते जपानकडून, अशा मुलीने या रकान्यांत किती मावायचं?

२०१९ मध्ये एका जपानी नूडल्सच्या जाहिरातीत तिचं कार्टून चक्क गोरं रंगवलं होतं. ओरड झाल्यावर ते मागे घेतलं. २०२१ मध्ये टोकियोत ऑलिंपिकची ज्योत तिच्याच हातून पेटवून घेतली. ती तिसऱ्या फेरीत हरली मात्र, ही कसली जपानी, असं म्हणणारे लगेच उगवले. जिंकेपर्यंतच आपली!

आता यात टेनिसचं दुःख किती आणि कातडीचं किती, हे वेगळं काढता येईल असं मला वाटत नाही. कुणाला काढून बघायचंच असेल, तर आधी खेळाडूला निवांत बोलू द्यावं. आकडेमोड नंतरही होते.