पांढऱ्या बैलाचे रंग

इस्लामपुरात आत्याच्या ओसरीत बेंदराचा जुना फोटो आहे. दारात खिलार बैल, पाठीवर झूल, शिंगांना हिंगूळ. त्यावरून फुलीच्या टाक्याचं चित्र भरायचं ठरलं, तेव्हा तिने आधी पांढऱ्या दोऱ्याच्या चार लड्या आणल्या. बैल पांढराशुभ्र, निम्मा फोटो त्यानेच अडवलेला. हिशेब चुकायचं कारणच नव्हतं.

मॅटीचं कापड इंचाला 14 घरांचं. चित्र आठ इंच रुंद, सहा इंच उंच, म्हणजे 112 गुणिले 84, एकूण 9,408 घरं. फोटोवर तेवढ्याच घरांची जाळी टाकायची आणि एकेका घराला एकच रंग द्यायचा. घर अर्धं शिंगात, अर्धं भिंतीवर पडलं तरी फुली एकाच दोऱ्याची. मोबाइलवरचं अ‍ॅप हे क्षणात करतं, पण त्याला हात आखडता घेणं माहीत नाही. त्याने साठच्या वर रंग काढले. मी छाटून अठरावर आणले. त्यात पांढरा जेमतेम होता.

आत्याचा विश्वास बसेना. मग लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याला बारीक चौकोनी भोक पाडलं आणि फोटोवर ठेवलं. भोकातून बैल दिसत नाही, नुसता रंग दिसतो. पोटाखाली सारवलेल्या अंगणाची तपकिरी झाक. मांडीवर निळसर करडा. मानेच्या पोळीवर, म्हणजे गळ्याखाली लोंबणाऱ्या कातड्यावर, घडी पडते तिथे चक्क जांभळट. निखळ पांढरा फक्त वशिंडाच्या माथ्यावर, उन्हाची तिरीप होती तेवढाच.

"आगं, माझा बैल मळवलास की!" आत्या म्हणाली.

बैल पांढरा हे आपल्याला ठाऊक असतं, म्हणून डोळा सावलीतला करडाही पांढराच वाचतो. नमुना करताना ती ओळख घटकाभर विसरायची. भरून झाल्यावर बघणारा ती स्वतःहून परत आणतो. 1973 साली अमेरिकेत लिऑन हार्मन यांनी अब्राहम लिंकन यांचा चेहरा मोजक्या, ठसठशीत चौकोनांत मांडला होता. जवळून नुसते ठोकळे. लांब जाऊन डोळे किलकिले केले की लिंकन. आत्याचं चित्र मांडीवर असेपर्यंत गोधडीच्या ठिगळांसारखं होतं. समोरच्या भिंतीला टेकवून ती उंबऱ्यापर्यंत मागे गेली, आणि बैल पांढरा झाला.

एका जागी मात्र मोजमाप हरलं. डोळ्याच्या वाट्याला तीनच घरं आली होती आणि अ‍ॅपने त्यातली चकाकी आजूबाजूच्या काळ्यात मिसळून टाकली होती. बैल झोपाळू दिसायला लागला. आत्याने मला न विचारता मधली फुली उसवली, उरलेल्या पांढऱ्यातला दोरा ओवला आणि एकच टाका घातला.

"हां, आता वळकला बघ मला."