कच्चं मडकं



आजचं वाचन : छांदोग्य उपनिषद, अध्याय ६, खंड १. श्वेतकेतू १२ वर्षं शिकून घरी येतो तो ताठ्यातच. वडील, उद्दालक, त्याला मातीचा दाखला देतात. एक गोळा कळला की मातीचं जे जे घडलंय ते कळलं. बाकी सगळी नावं, खरी ती माती.

आपट्याला पाताळगंगेजवळ माझा छोटासा स्टुडिओ आहे. कप-वाडगे घडवून पोट भरते. त्यामुळे इथे मला आधी धंद्यातलाच प्रश्न पडतो : माती कुठल्या अवस्थेतली? नुसतं वाळलेलं मडकं दिसायला पूर्ण असतं. पण पाण्यात ठेवा, थोड्या वेळात चिखल! भट्टीत ६०० अंशांच्या पुढे गेलं की मातीच्या घडणीतच बांधलेलं पाणी निघून जातं. मग ती पुन्हा मळता येत नाही.

तेरच्या गोरोबाकाकांची गोष्ट तुम्हाला माहीत आहेच. मुक्ताबाईंच्या सांगण्यावरून त्यांनी संतांच्या डोक्यावर थापटणं मारून पाहिलं. नामदेव रागावले आणि कच्चे ठरले. कीर्तनात इथे हशा होतो. मला कधी हसू येत नाही. अहो, कच्चं म्हणजे अजून भिजवून, मळून पुन्हा चाकावर घेता येईल असं! वाकडं भाजलं गेलेलं मात्र कायमचं वाकडं. नामदेव पुढे विसोबा खेचरांकडे गेले. श्वेतकेतूही शेवटी म्हणालाच, मला समजावून सांगा.

सध्या गणपतीआधी ६० कप द्यायचेत. पावसात माती लवकर वाळत नाही. कप गालाला लावायचा, गार लागला तर आत ओल आहे. तसाच भट्टीत घातला तर आतल्या पाण्याची वाफ होऊन फुटतो, शेजारच्यांनाही घेऊन जातो. ऑर्डरवाले रोज फोन करतात, "भट्टी लावून टाका ना!" दोन महिन्यांचं भाडं याच पैशांवर आहे. काल त्यांना स्पष्ट सांगितलं, आठ दिवस जास्त लागतील. अजून उत्तर नाही.

आज हरिपाठ झाल्यावर पुन्हा एकेक कप गालाला लावला. अकरा गार होते. ते परत फळीवर ठेवलेत.